तो अननसांचा शर्ट माझा होता

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून, मयताला पुरुषमाणसानं काय घालून जावं हे खरोखर कळणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी कुठल्याही चौकात उभं राहून पैजेवर सांगायला तयार आहे. लग्नाला काय घालावं हे सांगणारे पायलीला पन्नास मिळतात. दुकानदार सांगतो, सून सांगते, आता तर मोबाइलही सांगतो. पण मयताला काय घालावं? त्यासाठी भिसेगावलाच यावं लागतं. आणि अन्याय बघा, याच माणसाला भिसेगावापासून खोपोलीपर्यंत लोक ओळखतात ते बायकोच्या मयताला अननसांचा शर्ट घालून आलेला म्हातारा म्हणून! निळ्याशार कापडावर पिवळेधमक अननस, आणि प्रत्येक अननसाला हिरवी शेंडी. तो शर्ट माझा होता. एवढं चार शब्दांचं वाक्य मला इतकी वर्षं चारचौघांत उच्चारता आलं नाही. आज लिहून टाकलं, हात मोकळा झाला. आता बाकीचं पहिल्यापासून सांगतो, कारण नुसता शर्ट सांगितला तर साडू कळायचे नाहीत, आणि साडू कळले नाहीत तर एका शर्टाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे खालापूरकडचे, डोंगराच्या पायथ्याच्या गावातले. खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर भिसेगावात घर बांधलं. मी नदीपलीकडे दहिवलीत. अंगानं ते काटकुळे, उंच, पण खांदे रुंद, आणि त्यातला डावा खांदा उजव्यापेक्षा अंमळ खाली. तिरड्या वाहून वाहून तो उतरला, असं ते स्वतः अभिमानानं सांगत. "ल्हानपणी आंब्यावरनं पडलेत ते," असं आक्का, म्हणजे माझी मेव्हणी, चहा देता देता हळूच सांगे. त्यांच्या दाराच्या मागे एक खुंटी आहे. तिच्यावर मयताचे कपडे कायम टांगलेले: पांढरा सदरा, ढगळ पायजमा, पंचा, टोपी. घराला आग लागली असती तर त्यांनी आधी ती खुंटी वाचवली असती. "वरात लांबली तर चालतं. मयत थांबत नाय," हे त्यांचं म्हणणं. फोन वाजला की लोक "हॅलो" म्हणतात. साडू "कोण गेलं?" म्हणत. एकदा गॅस एजन्सीच्या पोरीनं सिलिंडर आल्याचं सांगायला फोन केला होता, ती बिचारी इतकी घाबरली की "कोणी नाही हो काका, सगळे बरे आहेत" असं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि सिलिंडर आठवडाभर आला नाही.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यावर उभं होतं. "मयताला आपण बघाया जात नाय, उचलाया जातो. मग कपडं उचलणाऱ्याचे पायजेत." हे एकदा मनात बसलं की बाकीचे नियम आपोआप कळतात. सदरा पांढरा, धुतलेला, पण इस्त्रीचा नाही. का? तर इस्त्रीचा सदरा घालून गेलात की घरच्यांना वाटतं, तुम्हाला आधीपासून माहीत होतं! बाही अशी हवी की हात वर केला तर खांद्यात अडकू नये. पायांत वहाण अशी की वाकून नाड्या सोडाव्या लागू नयेत. अंगाला अत्तर नाही, डोळ्यांना गॉगल नाही, गळ्यात साखळी नाही, आणि वरचा खिसा रिकामा. या रिकाम्या खिशावर ते फार कडक होते, आणि त्याला कारणही तसंच होतं. दहिवलीतल्या एका सोसायटीचे चेअरमन वाकून तिरडीला हात लावायला गेले आणि खिशातला मोबाइल फुलांत पडला. गर्दीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. निम्म्या वाटेत तो वाजायला लागला. रिंगटोन लग्नाच्या बँडचा! सनई काय, ताशा काय! खांदेकरी जागच्या जागी थिजले. मागून एक म्हातारा म्हणाला, "घ्या, वरून बोलावणं आलं." साडूंनी तिरडी खाली ठेवायला लावली, फुलं बाजूला करून मोबाइल काढला, कानाला लावला आणि "थोडं थांबा, मयतात हायेत" असं पलीकडच्याला सांगून चेअरमनांच्या हातात दिला. तेव्हापासून ते लोकांच्या वरच्या खिशाला चापटी मारून बघत. पोलीस बघतात तसं.

पँटीचं शास्त्र आणखी खोल. शेलूला नव्या वसाहती झाल्या, तिथून तरणी पोरं घट्ट जीन्स घालून येऊ लागली. त्यातला एक बिचारा अंगणात बसायलाच तयार होईना. सगळे बसलेले आणि हा एकटा उभा, त्यामुळे येणारा प्रत्येकजण यालाच घरचा मुख्य माणूस समजून गळ्यात पडून रडे. शेवटी खांदा द्यायला तो वाकला आणि सगळीकडे शांतता असताना मागून जो आवाज झाला तो मी इथे लिहीत नाही. साडूंनी कमरेचा पंचा सोडून त्याच्या कमरेला गुंडाळला आणि म्हणाले, "पंचा कशाला घ्यायचा म्हणून इचारत हुतास ना रं? हे कारण."

काळ्या कपड्यांचं प्रकरण तर ऐकण्यासारखं आहे. साडूंच्या मूळ गावाजवळ मुंबईच्या एका शेटजींचं फार्महाऊस आहे. त्यांच्या राखणदाराचा बाप वारला. शेटजी माणूस मनानं चांगला, लगेच गाडी काढून आला, पण आला तो काळा सूट, काळा गॉगल, काळे बूट अशा थाटात. सिनेमात बघितलेलं असणार. अंगणातले लोक हळूहळू मागे सरकायला लागले. एकानं तर दुसऱ्याच्या कानात विचारलं, "वकील का रं आणला? जमिनीचं काय झालं?" साडू पुढे गेले. "शेठ," ते म्हणाले, "आपल्याकडं काळं घालत नायत. उन्हात माणूस भाजतो. नि भाजायचं काम आज एकाचंच हाय." मग त्यांनी काखेतल्या पिशवीतून एक पांढरा सदरा काढला. हो, पिशवी! ती सांगायची राहिलीच. मयताला जाताना त्यांच्या काखेत नेहमी कापडी पिशवी असे आणि तिच्यात वेगवेगळ्या मापांचे जुने, मऊ पडलेले पांढरे सदरे. चुकीच्या कपड्यात आलेल्याला ते कधी चारचौघांत बोलत नसत. कोपऱ्यात घेऊन जात, सदरा देत आणि त्याचा रंगीत शर्ट घडी करून पिशवीत ठेवत. शेटजींनी कोट उतरवला, सदरा घातला आणि अनवाणी पायांनी डोंगरातल्या वाटेनं खांदा दिला. सदरा त्यांनी परत केला नाही. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं की फार्महाऊसच्या दारामागे शेटजींनी एक खुंटी ठोकून घेतलीय. साडू दिवसभर खुशीत होते.

पुढाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. एक पुढारी कांजी केलेल्या कडक खादीत आले. कपडे पांढरे, त्यामुळे नियमात नाव ठेवायला जागा नाही. पण खांदा द्यायची वेळ आली तेव्हा हात काही वर जाईना, बाही पत्र्यासारखी उभी. साडूंनी दारातला तांब्या उचलला आणि पुढाऱ्यांच्या दोन्ही खांद्यांवर पाणी ओतलं. "साहेब, जरा मऊ व्हा." कार्यकर्ते धावून आले. पण पुढाऱ्यांचा हात वर गेला होता!

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस कपड्यांपायी वेडा झालेला. तसं नव्हतं. आवणीचे दिवस होते, भाताची लावणी चाललेली, आणि साडूंच्या गावात एकजण गेला. डोंगरावरच्या वाडीतला त्याचा एक जुना सोबती चिखलानं भरलेल्या पायांनी, हाफ पँटीत, उघड्या अंगानं धापा टाकत आला. लोक कुजबुजले. कुणीतरी साडूंना पिशवी दाखवून खूण केली. साडूंनी पिशवी उघडली नाही. "त्याचं पाय बघा," ते म्हणाले, "शेतातनं नीट धावत आलाय. त्याला पुढं घ्या." आणि त्याला पुढचा खांदा दिला.

आक्काला मात्र या सगळ्याचा मनस्वी कंटाळा. तिला रंगांचं वेड. साड्या तिच्या बघाव्यात! जांभळी, शेंदरी, पोपटी. दिवाळीला तिनं एकदा नवऱ्यासाठी शेवाळी शर्ट आणला, तर त्यानं साडूंनी वर्षभर स्कूटर पुसली. "एकदा तरी रंगाचं घाला हो," ती म्हणे. "सदा न् कदा आपले बगळ्यासारखे." साडूंनी मुलीचं लग्न ठरवतानाही शास्त्र सोडलं नाही. खोपोलीचा मुलगा बघायला आला. शिक्षण, नोकरी, सगळं विचारून झालं. साडूंनी हळूच विचारलं, "मयताला काय घालता?" मुलगा गोंधळला, पण खरं बोलला. "जे वाळलेलं असेल ते." आक्कानं कपाळाला हात लावला. साडू मात्र एकदम उठले, आत जाऊन म्हणाले, "पोरगा पक्का! इस्त्रीसाठी थांबणारा नाय."

आणि मग आक्का आजारी पडली.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी मी शेलूला होतो. एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाची हळद. माझी बायको बहिणीच्या उशाशी बसून होती, आणि मी, डॉक्टर बरं म्हणतायत ना, मग तोंड दाखवून येतो, असं म्हणून निघालो होतो. हळदीला नव्या पिढीचा हट्ट, सगळ्या पुरुषांनी फळाफुलांचे शर्ट घालायचे. माझ्या सुनेनं मला अननस आणून दिले. मी रात्री तिथेच राहिलो. खोटं कशाला बोलू, नाचलोसुद्धा. सकाळी बायकोचा फोन आला, "आक्का गेली." रिक्षा करून तसाच निघालो. दहिवलीला जाऊन कपडे बदलावेत, तर घराची किल्ली बायकोच्या कमरेला. भिसेगावात उतरलो तर अंगण माणसांनी भरलेलं, तिरडी बांधून तयार. पुढून आत जायची हिंमत झाली नाही. घराला वळसा घालून मागच्या पडवीत, मोरीजवळ अंग चोरून उभा राहिलो. थोड्या वेळानं साडू हात धुवायला मागे आले. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं.

"हे काय हाय?"

"अननस," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार!

"ते दिसतंय. किल्ली?"

"हिच्याकडे."

"पिशवी रिकामी हाय. सकाळपासनं वाटत बसलोय."

ऐकलंत? बायको घरात निजलेली, आणि हा माणूस सकाळपासून लोकांना सदरे वाटत होता!

"मी मागे मागे चालतो," मी म्हणालो. "कुणाला दिसणार नाही."

"मागं कसं चालाल? तिला भाऊ नाय. माहेरचा खांदा तुमचा. पुढनं डावा." असं म्हणून ते स्वतःच्या सदऱ्याची बटणं सोडायला लागले.

"अहो, आणि तुम्ही? तुमचा दुसरा सदरा?"

"कपाट मधल्या घरात. तिथं सगळ्या बाया बसल्यात, नि ती हाय. मी आता तिच्यावरनं हात घालून कपाट उघडू? काढा बिगीबिगी."

"लोक काय म्हणतील?"

"मला आज कोण बोलणार हाय? ज्याची बायको गेली त्याच्याकडं कोण बघत नाय, पावणं. मान खाली घालतात."

इतक्या वर्षांच्या मयतांत त्यांचा चुकलेला हा एकच अंदाज. त्यांचा सदरा मला पोटावर ताणून बसला, खालचं बटण काही केल्या लागेना. त्यांनी माझा हात बाजूला केला. "राहू दे उघडं. वाकायला बरं." आणि माझा शर्ट अंगात घालून, वर पंचा पांघरून ते अंगणात गेले. अग्नी द्यायला साडूंचा पुतण्या पुढे मडकं घेऊन, मागे मी आक्काला डाव्या खांद्यावर घेऊन, आणि माझ्या मागे साडू. नदीकडे जाताना वारा सुटला. काटकुळ्या माणसाच्या अंगावर माझा ढगळ शर्ट, तो शिडासारखा फुगला, पंचा उडाला, आणि सगळ्या कर्जतला अननस दिसले.

कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. दहाव्याच्या आत तो दोन्ही तालुके फिरून आला. चांगली माणसं म्हणाली, धक्क्यानं भान राहिलं नसेल. बाकीचे म्हणाले, दुनियेला शिकवलं आणि स्वतः बघा. मी का बोललो नाही? आधी वाटलं, दुखवट्यात हा विषय नको. मग वाटलं, आपोआप विसरतील. आणि मग एके दिवशी स्टेशनजवळच्या वडापावच्या गाडीवर चारपाच जण तो किस्सा रंगवून सांगत होते, आणि मी त्यांच्यात उभा राहून हसलो. एकदा हसलो आणि अडकलो. हसलेला माणूस नंतर कुठल्या तोंडानं सांगणार? घरी बायको म्हणायची, "अहो, सांगा की एकदाचं." मी म्हणायचो, "सांगतो." आणि पेपर डोळ्यांपुढे धरायचो. साडू भेटत तेव्हा त्या शर्टाचा शब्द काढत नसत. आजतागायत त्यांनी मला एका अक्षरानं बोल लावलेला नाही, आणि खरं सांगू का, लावला असता तर बरं झालं असतं.

पुढे दहिवलीतच एक मयत झालं. तिथे एक तरुण मांडववाला होता, लग्नाकार्यांत मांडव आणि लायटिंग करणारा. त्याच्या टीशर्टवर फेसाळलेल्या बिअरच्या ग्लासाचं चित्र. साडू नेहमीप्रमाणे त्याला कोपऱ्यात घेऊन गेले, पिशवीतून सदरा काढला. तो कोपऱ्यातून मोठ्यानं म्हणाला, "र्‍हाऊ द्या, काका. तुमच्या अननसापरीस बरं हाय की माजं!"

लोक हसले. मयतात हसले! मी चार पावलांवर होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिरडी उचलली. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. साडूंनी सदरा पुन्हा पहिल्या घडीवर घातला, पिशवीत ठेवला, स्मशानापर्यंत मुकाट्यानं आले, आणि त्यानंतर मयताला यायचे बंद झाले. कुणी गेलं की दोन दिवसांनी संध्याकाळी जाऊन घरच्यांना भेटून येत. बस्स.

ते यायचे थांबले आणि आमच्याकडच्या मयतांची रया गेली. तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, पण माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. लोक थ्री-फोर्थमध्ये येऊ लागले. एकजण जिममधून थेट आला, बिनबाह्यांच्या बनियनवर, आणि खांदा दिला तेव्हा तिरडीचा बांबू त्याच्या घामावरून घसरत होता. एकानं डोक्यावर गॉगल चढवलेला, तो प्रेताला नमस्कार करताना अलगद खाली उतरून नाकावर बसला. आणि खांदा बदलायची वेळ आली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, कारण प्रत्येकाच्या अंगावर काहीतरी जपण्यासारखं असतं. तेव्हा कळलं की साडू इतकी वर्षं लोकांना सदरे देत नव्हते. खांदे देत होते.

मागच्या महिन्यात सकाळीच फोन आला. तोच मांडववाला. आवाज बसलेला. "काका, बाबा गेले. तुमच्या साडूंना घेऊन येता का? हितं कुणाला काय सुचंना झालंय." मी रिक्षा करून भिसेगावला गेलो. वाटेत ठरवलं, आज सांगायचंच. सगळ्यांच्या समोर, त्या मांडववाल्याच्या अंगणात. साडू ओट्यावर शेंगा सोलत होते. मी कोण गेलं ते सांगितलं. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि दारामागे गेले. खुंटीवर सदरा होता, पांढरा, ताजा धुतलेला.

"घालत नव्हतात तर धूत कशाला होतात?" मी विचारलं.

"मयत सांगून येतंय का?" ते म्हणाले. "पिशवी घ्या ती. माजा गुडघा दुखतोय."

आम्ही पोचलो तर मांडववाला स्वतःच्याच बापाच्या मयताला मांडव घालायला आल्यासारखा धावत होता. बांबू आण, दोरी आण, खुर्च्या मांड. रात्रभर कुठल्यातरी लग्नाचं काम करून तसाच आलेला. अंगात त्याच्या धंद्याचा टीशर्ट, आणि पाठीवर ठसठशीत अक्षरांत छापलेलं: तुमचा आनंद, आमची जबाबदारी. मडकं धरून हा पुढे चालणार आणि सगळा गाव मागून ते वाचत येणार! लोक बघत होते, पण बोलणार कोण? साडू त्याच्याजवळ गेले आणि पिशवीतला सदरा त्याच्यापुढे धरला. तो सदऱ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा वाकडा झाला.

"काका, त्या दिशी मी तुमाला..."

हीच ती वेळ! मी पुढे झालो, घसा खाकरला, चांगला मोठा आवाज लावला. "मंडळी, एक सांगायचंय. तो अननसांचा शर्ट..."

"पावणं, गप!" साडू कडाडले. मग हळू आवाजात म्हणाले, "मयत त्यांचं हाय. आपलं नाय." आणि मांडववाल्याकडे वळले. "हात वर कर रं."

त्या बाप्यानं लहान पोरासारखे दोन्ही हात वर केले. साडूंनी टीशर्ट डोक्यावरून काढला, सदरा चढवला, बटणं लावली, वरच्या खिशावर चापटी मारून बघितली. खिसा रिकामा होता. तेव्हा तो त्यांच्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तोवर रडायला त्याला सवडच झाली नव्हती.

तिरडी उचलली तेव्हा साडूही आत शिरले. गुडघा वाकेना, तिरडी बाकीच्यांच्याच खांद्यांवर. त्यांनी नुसता हात वर करून बांबूला लावला आणि तसेच वळणापर्यंत चालत गेले. बाही खांद्यात कुठेही अडकली नाही.

परतताना आम्ही दोघं नदीवरच्या पुलाशी टेकलो. केस ओले, पंचे पिळलेले. मी म्हणालो, "साडूभाऊ, मला बोलू का दिलं नाहीत?"

"मी असेपर्यंत नको. लोक माफी मागाया घरी येतील. चहा कोण करणार? ती नाय आता."

मी पंचा पुन्हा एकदा पिळला. मग तेच म्हणाले, "तुमचं तसं काय चुकलं नाय. ती जलमभर म्हणत हुती, एकदा तरी रंगाचं घाला. घातला. तिच्याच म्होरं घातला. तिला दिसला आसंल तर हसली आसंल."

"शर्ट कुठे आहे?"

"खुंटीवर. सदऱ्याच्या आतल्या अंगाला. सदऱ्याबरुबर धुतो." मग नदीकडे बघत म्हणाले, "माज्या टायमाला तो घालून या. पुढनं डावा खांदा. कुणाचा हुता ते लोकांना आपोआप कळंल."

म्हणजे बघा, मयताच्या कपड्यांचा दोन तालुक्यांतला शेवटचा जाणकार, आणि त्यानं मला त्याच्या मयताला अननस घालून यायला सांगितलं! मी मान डोलावली. पण घरी आल्यावर जीव थाऱ्यावर राहीना. माझं हृदय डॉक्टरांनी एकदा उघडून बघितलेलं आहे, आणि साडू शेंगा सोलतात, पायऱ्या चढतात. आमच्यात आधी कोण जाईल हे ठरलेलं नाही. मीच आधी गेलो तर? ते माझ्या मयताला पांढऱ्या सदऱ्यात येतील, सगळं नियमात होईल, आणि तो शर्ट कायमचा त्यांच्या नावावर राहील. म्हणून त्यांची परवानगी नसताना लिहिलं. ते वाचतील अशी भीती नाही. छापलेल्यात ते फक्त 'दुःखद निधन' वाचतात. तुम्ही मात्र वाचलंत, तर कुठे वडापावच्या गाडीवर तो किस्सा निघाला की तेवढं दुरुस्त करून सांगा.

त्या दिवशी पुलावरून उठताना मी त्यांना एक अडचण सांगितली होती. "साडूभाऊ, पोट वाढलंय. आता त्याची खालची बटणं लागायची नाहीत मला."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याचा आधार घेत हळूच उठले.

"राहू देत उघडी," ते म्हणाले. "वाकायला बरं."